दोन बाटल्या, एक विहीर

वाडी, मंगळवार, एप्रिल १९७४

दोन्ही बाटल्या एकाच विहिरीच्या, हे त्याला कळलं कसं? संध्याकाळपासून हेच डोक्यात आहे.

प्रयोगशाळेने आमच्या वस्तीच्या विहिरीचं पाणी पिण्यास अयोग्य ठरवलं, तेव्हाच मला संशय आला. शेजारच्या गोदामवाल्याचा त्या जागेवर डोळा आहे. मी विहिरीवरच सभा घेतली. म्हणालो, हे पाणी पिणं सोडू नका, हे विज्ञान विकत घेतलेलं आहे. लोकांनी ऐकलं. मग पुरावा हवा म्हणून तेच पाणी दोन बाटल्यांत भरलं. एकीवर आमची वाडी लिहिलं, दुसरीवर सदर, नागपुरातली बड्या लोकांची वस्ती, आणि दोन्ही त्याच प्रयोगशाळेत दिल्या. सदरचं चांगलं निघणार, याची खात्री होती.

आज तिथल्या तरुण रसायनतज्ज्ञाने दोन्ही अहवाल समोर ठेवले. दोन्ही वाईट, आकडेही जवळपास तेच. हसून म्हणाला, "भाऊ, हे एकाच विहिरीचं पाणी हाय. आमची परीक्षा घेऊन राहिले काय?"

त्याला कोणी आधीच सांगितलं असेल? पण बाटल्यांचं मी कुणाजवळ बोललोच नव्हतो. नागपुरात इतक्या प्रयोगशाळा आहेत, हे व्यासपीठावरून अभिमानाने सांगणारा मीच. आणि विश्वास एकीवरही नाही?

परतताना शेजारच्या अंजनाबाई भरलेली घागर घेऊन भेटल्या. नातवाला तीन दिवस जुलाब होताहेत. "तुमी म्हणलं म्हणून त्याले हेच पाणी पाजून राहिली मी," त्या म्हणाल्या.

मी त्यांची घागर रस्त्यावरच ओतली. "काहून जी, काहून?" त्या विचारत राहिल्या.