सात नंबरची माती

३ फेब्रुवारी २०२५
सांगलीहून निघताना आईनं नागपूरच्या उन्हाची भीती घातली होती. इथं तर सकाळी स्वेटर लागतोय! त्रिमूर्तीनगरात खोली मिळाली, खिडकीसमोर मोठा कडुनिंब आहे. आज एम.एस्सी.चा पहिला तास. परिसंस्था समजावताना मी मेलेल्या बैलापासून सुरुवात केली : त्याला कोण कोण खातं, शेवटी त्याचं काय होतं. रितिका नावाच्या मुलीनं विचारलं, हाडांना किती वर्षं लागतात? प्रश्न आवडला. नंतर मुलांनी तर्री-पोहे खायला नेलं. नाकडोळे वाहेपर्यंत खाल्ले. या गावाशी आपलं जमणार.

११ फेब्रुवारी
बुटीबोरीच्या पुढे, कारखान्यांच्या मागे कॉलेजचं चाळीस एकर रान आहे. साग, मोहा आणि नुकता फुलू लागलेला पळस. त्यात नऊ प्लॉट आखलेत. जाळीच्या पिशव्यांत वीस-वीस ग्रॅम वाळकी पानं भरून पुरायच्या, महिन्यानं काढून, वाळवून तोलायच्या. वजन जितकं घटेल, तितकी माती जिवंत. माझ्याआधी हे काम डॉ. रुपराव कोहळे करत. ते कॉलेज सोडून गेल्यापासून रान लहानू सांभाळतो. साठीचा अबोल माणूस, फाटकाची किल्ली करगोट्याला.
लहानूनं जानेवारीत पुरलेल्या पिशव्या काढल्या. आठ प्लॉटांतल्या तेरा-चौदा ग्रॅम भरल्या. सात नंबरची तेवीस. वाळवून पुन्हा तोलली, तरी तेवीस. माती पानं खाते. पानं वाढवत नाही. लहानूनं पिशवीत काहीतरी कोंबलं असणार. त्याला विचारलं, तर नजर चुकवून म्हणाला, ‘सात नंबरचं राहू द्या, म्याडम. सर बी तिथं कोणाले येऊ देत नव्हते.’
त्याला न सांगता मी तिथं माझी एक पिशवी पुरून आले. तोंड लाल दोऱ्यानं शिवलंय.

१४ मार्च
एकतीस ग्रॅम. दोरा जसाच्या तसा, टाका माझाच. आतली पानं हिरवी, ओली, देठं कोवळी. मी वाळकी भरली होती.
विभागप्रमुख गोपाळरावांना दाखवलं. त्यांनी पिशवीला हातही लावला नाही. म्हणाले, अहवालातून सात नंबर वगळा. कोहळे सरांशी बोलते म्हटलं, तर म्हणाले, ते निवृत्त होऊन रायपूरला मुलीकडे गेले. लहानूनं मला अमरावती सांगितलं होतं. ऑफिसातून घेतलेला सरांचा फोन बंद आहे. दोघांपैकी एक खोटं बोलतोय. की दोघंही?

२ एप्रिल
प्रयोगशाळेतल्या कपाटामागे सरांची नोंदवही सापडली. पिशवी क्रमांक, आत काय, दर महिन्याचं वजन. चाळीसपर्यंत सगळं ग्रॅममध्ये : साग, पळस, मोहा.
पिशवी एक्केचाळीस. ऑक्टोबर २०२३. बावन्न किलो तीनशे. पुढच्या महिन्यात त्रेपन्न. मग साडेचोपन्न. ‘आत काय’ या रकान्यात एकच शब्द : शोभा.
रितिकाला सहज विचारल्यासारखं विचारलं. शोभाताई सरांची बायको. त्या दसऱ्याच्या सुमारास आजारपणात वारल्या. सर परस्पर गावी घेऊन गेले. घाटावर कॉलेजचं कोणीच नव्हतं.

३ एप्रिल
काल पुढचं पान उलटायची हिंमत झाली नाही. आज उलटलं.
पिशवी बेचाळीस. जून २०२४. अडुसष्ट किलो. अक्षर सरांचं नाही, वाकडंतिकडं, लहानूचं. आत काय : सर.
प्रत्येक पानाखाली गोपाळरावांची सही.

४ एप्रिल
लहानूला प्रयोगशाळेत गाठून वही पुढे धरली. तो भिंतीला टेकून खालीच बसला. रडत सांगू लागला, ‘मी नाई मारलं त्यायले. झोपेच्या गोळ्या खाऊन सरच आले होते रानात. म्हणे, लहानू, मले बी तिच्या बाजूले ठेव. ताईचं वजन वाढून राहिलं होतं, म्याडम. मेलेल्याचं वजन वाढते काय?’
मी विचारलं, गोळ्या खाल्लेल्या माणसाला तू पुरलंस, तेव्हा त्याचा श्वास चालू होता का?
त्यानं वही मिटून माझ्याकडे सरकवली.
ठाण्यावर फोन केला. लेखी द्या म्हणाले. मेलेला माणूस वाढतोय, असं लिहू कशी? सात नंबरमधल्या खड्ड्याचा फोटो हवा.

५ एप्रिल, सकाळी अकरा
रानात. लहानूशिवाय फाटक उघडत नाही, म्हणून त्यालाच आणलं. मागोमाग गोपाळरावांची गाडी आली. कोणी कळवलं त्यांना?
लहानू खणतोय. माती कोमट. गोपाळराव सारखे म्हणतायत, हळू, कुदळ लागेल.
कोणाला लागेल?

साडेअकरा
दोन्ही पिशव्या रिकाम्या. जाळी आतून फाटलेली — धागे बाहेरच्या बाजूला —
गोपाळराव गाडीकडे पळाले. गाडी सुरू झाल्याचा आवाज नाही आला. ओरडले एकदा.

मी अवजारांच्या खोलीत. कडी लावलीय. फोनला रेंज नाही. कोणाला ही वही मिळाली तर — सात नंबरमध्ये काही पुरू नका —

लहानू बाहेर बोलतोय. माझ्याशी नाही. खालच्या आवाजात, अदबीनं —
‘नाई ताई, ते नवीन आहे. तिले काहून —’

एक बाई हसली.
आता लहानू सरांना विनवतोय — ‘सर, दार मोडू नका, मी सांगतो तिले’ —

कडी हल