खडकाआधी

३ जानेवारी
उश्वाया बंदर सोडल्यापासून तुला हात लावला नाही, रोजनिशी, माफ कर. बोटीवर उलट्या, उतरल्यावर तंबूंची कामं. आज मात्र मन हलकं आहे. ऊन मावळतच नाही, माणसं गमतीशीर. बर्फात खोल भोक पाडून जुन्या हवामानाचे नमुने काढायचे, हे त्यांचं काम. खालच्या खडकाला धक्का लागू न देणं, हे माझं. देशोदेशींच्या कराराप्रमाणे दक्षिण ध्रुवाच्या या खंडावर विज्ञान चालतं, खाणकाम नाही. ड्रिल चालवणारा म्हातारा किरोस म्हणाला, "इन्स्पेक्टरबाई, शिंकायलाही परवानगी लागेल का?" त्यावर तळाची प्रमुख नेरेआ म्हणाली, "तू आधी घोरण्याची काढ."

जेवणानंतर किरोसने येर्बाचा कडू चहा केला. एकच पेला, एकच नळी, सगळ्यांत फिरणारी, माझ्या घरी फिरते तशीच. शेवटी तोच पेला पुन्हा भरून त्याने बसायच्या एका रिकाम्या खोक्यापुढे ठेवला. तो वाटा लिसांद्रोचा, माझ्या आधीच्या निरीक्षकाचा. गेल्या उन्हाळ्यात तो डोंगरापलीकडच्या हिमनदीच्या भेगेत पडला. दोर वर आला, तो नाही. आठवण ठेवायची ही रीत मला आवडली.

७ जानेवारी
लिसांद्रोचा पेला रिकामा होतो. मी पाहत बसले होते. कुणी हात लावला नाही. वाफ झाली म्हणावं, तर पेलाभर? किरोस म्हणाला, पिणाऱ्याच्या तोंडाकडे असं बघत बसू नये.

१० जानेवारी
ड्रिल खडकाजवळ पोचलं. मुख्यालयाचा निरोप: मीटरभर खडकही काढा, खनिजं तपासायची आहेत. माझी सही हवी. नाही म्हटलं तर तळ बंद, नेरेआची सगळी मेहनत वाया. "मीटरभर दगडाने काय खंड बुडतो?" ती म्हणाली. आज मीटर, मग रस्ता, मग बंदर, हे मला कळतं. तरी तिचा चेहरा बघून म्हटलं, विचार करते.

जेवणानंतर लिसांद्रोचा पेला भरलेलाच राहिला. किरोस माझ्याकडे बघेना.

११ जानेवारी
भोकात बर्फाचा खडा टाकून तळाचा आवाज ऐकायची इथे सगळ्यांना सवय. आज मी टाकला. आवाज आलाच नाही. कुणी झेलल्यासारखा.

१२ जानेवारी
नेरेआ सहीसाठी थांबली नाही. ड्रिल वर आलं, बर्फात लाल कापड. किरोसने स्वतःचा टाका ओळखला. लिसांद्रोचा कोट त्यानेच शिवला होता. पण ती भेग डोंगरापलीकडे — आणि तो इथे, आमच्या आणि खडकाच्या मध्ये, आडवा —

नियम आहे, इथे काहीही मागे सोडायचं नाही. मग त्याला काढणं माझं कर्तव्य? की —

१३ जानेवारी
नेरेआ म्हणते, आणखी खाली ड्रिल करू या, त्याला घरी नेता येईल. तुला तो हवाय की खडक, विचारलं. ती ड्रिलकडे वळली.

भोकावर झाकण घालून वर बसले आहे. किरोस विनवतोय, उठा बाई, गारठून मराल.

खालून कुणीतरी झाकण धरलंय. ढकलत नाही. नुसतं घट्ट धरलंय, माझ्यासारखंच —

उठता येत नाही. थंडीने असेल. सही करणार नाही, मोठ्याने सांगितलं. पकड सैल होत नाही. त्याचा विश्वास नसेल. माझा तरी —

उद्या: सहीचा कागद कोराच परत पाठवायचा