यादी लागण्याआधी

प्रिय दादा,

'प्रिय' केवळ सवयीने लिहिले आहे.

प्रशिक्षक म्हणून वीस वर्षे मी एक नियम पाळला. धावण्याच्या संघात निवड न झालेल्या प्रत्येक मुलीला, यादी फलकावर लागण्याआधी, क्रीडासाहित्याच्या खोलीत एकटीला बोलावून ती कुठे कमी पडली ते सांगायचे. यंदा तुझी लेक यादीत नाही हे कळताच तुझा फोन आला. "माझ्या लेकीला मी घरी सांगतो. तुझी जीभ म्हणजे कात्री." बाप आहेस, म्हणून मी ऐकले.

तू सांगितले तर नाहीसच. उलट आदल्या संध्याकाळी तिला धावण्याचे नवे बूट घेऊन दिलेस. ते घालून, तीस मुलींसमोर, तिने यादीत आपले नाव तीनदा शोधले.

मग मला म्हणाली, "आत्या, तू सगळ्यांना आधी सांगतेस. मलाच का नाही सांगितलंस?"

तुझे नाव मी गिळले, कारण नियम मी मोडला होता. "चार दशांश सेकंद कमी पडले, शेवटच्या वळणावर तुझे खांदे आखडतात," असे तिला सांगितले. ती रडली, आणि डोळे पुसत म्हणाली, "बाबांना तूच सांग. मला नाही जमणार."

हा भित्रेपणा तिने तुझ्याकडूनच उचलला आहे. ते कागदावर कळवणे मला शोभत नाही, म्हणून हे पत्र पाठवत नाही. उद्या सकाळी घरी येऊन तोंडावरच सांगेन.

तुझी धाकटी बहीण