अडतंय कुठे?

३ जून

मिळाली! इंटर्नशिप मिळाली! तीही कुठल्या चकाचक ऑफिसात नाही – मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीशेजारी. ज्यांना उपचार नाकारले जातात त्यांच्यासाठी तिथे फुकट वकील मिळतो. दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि आमच्या वकीलबाई. दादा म्हणाला, बडबडीला बोलायचंच काम मिळालं, आता घराला जरा विश्रांती. म्हणू दे! आज मी कुणावर चिडणार नाही.

५ जून

पहिली केस! हे काका उभी हयात फुलबाजारात लिलाव पुकारायचे. कॅन्सरमुळे गळ्यातली स्वरपेटी काढावी लागली, आवाजच गेला. गळ्याला टेकवून बोलायचं एक छोटं यंत्र असतं. डॉक्टर म्हणतात द्या, खर्च देणारं आरोग्य मंडळ म्हणतं गरज नाही. आम्ही अपील केलंय.

काका हॉस्पिटलात पाटीवर खडूने लिहून बोलतात. मी माझी ओळख करून दिली (जरा लांबली), तर त्यांनी लिहिलं, "हिचाच आवाज थोडा मला द्या." वकीलबाई हसता हसता ठसकल्या.

८ जून

आज मी स्टार!!

वकीलबाईंची पद्धत अशी – खऱ्या सुनावणीआधी लुटुपुटूची सुनावणी. त्यात इंटर्नने मंडळाचा अधिकारी व्हायचं आणि आपल्याच अशिलाला धुडकावून लावायचं. मी वकीलबाईंचा चष्मा नाकाच्या टोकावर घेतला, खुर्चीत मागे रेलले आणि म्हटलं, "तुम्हाला लिहून सांगता येतं ना? मग अडतंय कुठे?"

एक्स-रेवाले दारात उभे राहून ऐकत होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, मीच तुझ्या बाजूने निकाल देऊन मोकळी झाले असते. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

काका मात्र मान खाली घालून पाटी पुसत बसले होते. दमले असावेत.

९ जून

माझ्या प्रश्नाला उत्तर सापडेना. कुणालाच. मलाही. शहाणपणा नडला म्हणतात तो हा!

११ जून

काकांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं, आत बसवलं, चहा टाकला, एक थेंब न सांडता कप हातात दिला. काका माझ्यासमोर बसले. काकूंनी विचारलं, साखर आहे का घरात? काकांनी टेबलावर एकदा टकटक केलं. उद्या डॉक्टरकडे जायचंय? दोनदा टकटक. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मला गंमतच वाटली! म्हटलं, पाटी का नाही वापरत?

काकू हसल्या. "मला दिसत नाही गं बाळा. तू आल्यापासून कळलं नाही तुला?"

नाही कळलं. कप हातात, तोंड उघडं – मी. आधीपासूनच दिसत नव्हतं, म्हणाल्या. दिवसभराचं बाजारातलं सगळं हेच येऊन सांगायचे, तेच माझे डोळे. आता फक्त हो आणि नाही.

काकांना विचारलं, आम्हाला सांगितलं का नाहीत? त्यांनी लिहिलं, "केस माझी आहे. तिला कशाला कोर्टात ओढू."

वकीलबाईंना फोनवर सांगताना मी रस्त्यात अक्षरशः नाचत होते आणि रडतही होते. लोक बघत होते. बघोत!

१६ जून

सुनावणी. काकू स्वतःहून आल्या होत्या.

मंडळाचे अधिकारी उभे राहिले आणि देवाशपथ, माझंच वाक्य बोलले! "यांना लिहून सांगता येतं. मग अडतंय कुठे?" वकीलबाईंनी टेबलाखालून मला कोपर मारलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना परवानगीने बोलता येतं. उठले. बाईंचा नियम आहे, उत्तर माहीत नसेल तर सुनावणीत विचारायचं नाही. मोडला. काकांना म्हटलं, काकूंना काय वाटेल ते लिहून सांगा.

त्यांनी लिहिलं, पाटी काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती सांभाळून धरली, वरून हात फिरवला. सगळा खडू तळव्याला लागला. "काय म्हणतायत हे?" त्यांनी विचारलं.

लिहिलेलं मला दिसलं होतं. "पाणी हवंय का?" काकू मघापासून खोकत होत्या.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

२४ जून

मंजूर! मंजूर! मंजूर! दादाने मला उचलून गरगर फिरवलं आणि माझा पाय लागून फुलदाणी फुटली. आई काही म्हणाली नाही!

२६ जून

मला एक झकास कल्पना सुचलीय. काकूंना आत्ता काही सांगायचंच नाही! निकाल लांबला म्हणायचं, काकांनी हॉस्पिटलात गुपचूप सराव करायचा आणि एक दिवस घरी जाऊन एकदम बोलायचं. वकीलबाई म्हणाल्या, बघ बाई. काका पहिल्यांदाच दात काढून हसले.

९ जुलै

काकू खिडकीशी बसल्या होत्या. काकांनी यंत्र गळ्याला लावलं. "अगं," ते म्हणाले. घरघरता, सपाट, कुणाचाच नसलेला आवाज.

काकू ताडकन उठल्या, भिंतीला टेकल्या. "कोण आहे? अहो, घरात कोण शिरलंय?"

माझी कल्पना. माझी झकास कल्पना.

काकांनी टेबलावर एकदा टकटक केलं. मग परत, "अगं."

काकू चाचपडत जवळ आल्या. टेबल, मनगट, यंत्र धरलेली बोटं, मग गळा. तळवा तिथेच ठेवला.

"बोला," त्या म्हणाल्या.