मधल्या खोलीतला फ्यूज

७ जाने. १९५७
शाळेतून आलो तर सौ. दारातच उभी. "मधल्या खोलीच्या भितीले हात लागला का मुंग्या येतात." म्हटलं, थंडीने हात बधिर झाला असेल. फणकारली. "थंडीच्या मुंग्या मले समजत नाईत काय?"

मधल्या खोलीत आमची कमल आहे, बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळंतपणाचा तिसरा दिवस. मुलगी झाली. मी नात अजून उंबऱ्याबाहेरूनच पाहिली, तीही नाकापुरती. बाराव्या दिवसापर्यंत पुरुषाने आत जायचं नाही, बाळंतिणीने बाहेर यायचं नाही. बिनखिडकीची, उबदार अशी तीच एक खोली. आणि विजेचा बोर्डही तिथेच, खाटेच्या उशाशी. मोरीही तिथेच. रोज सकाळी सुईण दोघींना न्हाऊ घालते, भिंत दिवसभर ओली राहते.

८ जाने.
सौ.ला मेन स्विच पाडायला लावला. तरी मुंग्या आहेतच म्हणते. मग तिने मेन परत चढवला. पोरीची दुपटी विजेच्या इस्त्रीने शेकायची असतात, दिवसभर. आत रबर जळाल्यासारखा वास येतो असंही आज बोलली. कालपासून येतो म्हणे. मग काल काऊन नाही सांगितलं?

इथे तरी खरं लिहितो. दिवाळीत पाहुणे असताना तीनदा फ्यूज उडाला. तिसऱ्यांदा मला चीड आली. शाळेच्या जुन्या घंटीची जाड तांब्याची तार होती, ती फ्यूजमध्ये पिळून बसवली. कोणाला सांगितलं नाही. तेव्हापासून एकदाही उडाला नाही आणि मी मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. सातवीच्या पोरांना मीच शिकवतो की फ्यूजची तार बारीक का असते. थू माझ्या शिकवण्यावर.

गणपत वायरमनला निरोप धाडला.

९ जाने., बुध.
गणपत सकाळीच आला. आधी बाहेरून फिरून खांबाची तार भिंतीत शिरते ती जागा पाहिली. आत जाऊ का विचारलं तर सौ. दारात आडवी. "बारा दिस कोनी नाई." तो बिचारा ओसरीवर बसला, तिथूनच मोठ्याने बोलला. "मास्तरसाब, फ्यूजमंधी बारीक तार असंल आन उडली नसंल, त जास्त करंट गेलाच नाई. निस्ती ओल होय. बारसं झालं का पायतो. पन जाड तार असंल त मेनच्या आंधीची तार भितीत भाजली असंल. ते मेन पाडून बंद नाई होत, लाइट कंपनीवाल्यायले खांबावरून तार तोडा लागते. मंग पोरीले आजच्या आज भायेर काढा."

पण फ्यूज पाहणार कोण? सौ. मेन पाडते, पण फ्यूजला हात लावायला तयार नाही. शेवटी कमल स्वतः उठली. पडद्याआडून गणपत सांगत होता. आधी मेन पाडा, मग चिनी मातीचा पांढरा तुकडा सरळ ओढा, मग पाठीमागची तार पाहा.

आत मेन पडल्याचा खटका ऐकू आला. मग तिचा आवाज आला, "बारीक आहे. केसासारखी."

गणपत हसला. "मंग काय भेव नाई." चहा पिऊन गेला.

आणि मला तोंड उघडायचं होतं, उघडलं नाही. तिने केसासारखी म्हटलेली तार पेन्सिलीच्या शिशाएवढी आहे.

१० जाने.
सौ. नळावर गेली ते पाहून पडद्याशी उभा राहिलो. "कमल, खोटं का बोललीस?"

"बाबा, ती शाळेच्या घंटीची तार आहे. मी ओळखली. गणपतभाऊंच्या तोंडून गावभर झालं असतं. मास्तरांनीच घर पेटवायला काढलं म्हणाले असते लोक." मग म्हणाली, "आणि मला बाहेर नाही यायचं. तुम्ही सांगितलं तरी नाही."

गेल्या साली तिचा पहिला मुलगा याच खोलीत झाला. शेगडीच्या धुराने गुदमरतो म्हणून मीच हट्टाने सहाव्या दिवशी दोघांना ओसरीच्या खोलीत आणवलं. नवव्या दिवशी गेला. डॉ. म्हणाले थंडीचा संबंध नाही. सौ.ने मला कधी बोलून दाखवलं नाही. पण पोरीच्या बाबतीत माझा शब्द तेव्हापासून तिच्या लेखी शून्य. गणपतचा चालतो. आणि गणपत सांगून गेला, भेव नाही.

दुपारी सुईण सांगत होती, सकाळी न्हाऊ घालताना तिचा ओला हात भिंतीला लागला आणि तांब्या हातून उडाला. बाळाच्या डोक्याशेजारी पडला. सौ. तिच्यावरच खेकसली, "धड धरता येत नाई काय?"

उद्या न्हाणं नको म्हणून सौ.ला विनवलं. "कायले नको?" एवढंच विचारलं तिने. खरं कारण जिभेवर होतं. नाही सांगितलं. माझ्यासारखा भित्रा माणूस या मुलखात दुसरा नसेल.

११ जाने.
पहाटेच गणपतकडे गेलो. सगळं सांगितलं, तार कुठली तेही. तो माझ्याकडे बघतच राहिला. "मास्तरसाब, तुमी?" मग चप्पल घालून सरळ विजेच्या कंपनीत गेला. येऊन म्हणाला, लाइनवाला सालेकसा गावाकडे गेला आहे, आज रात्री नाहीतर उद्या येईल. तोवर भिंतीजवळ पाणी नको आणि पोरीला तिथे ठेवू नका.

घरी आलो तर सुईणीने पाणी तापवायला ठेवलं होतं. सौ.ला दारातच सांगितलं. "ती तार मी टाकली. कमल माझ्यासाठी खोटं बोलली. पाणी ओतू नका, दोघींना बाहेर काढू."

तिने सुईणीला चूल विझवायला सांगितलं. मग पडदा बाजूला करून माझ्याकडे न बघता म्हणाली, "या आत. पन उचला तुमीच. मी नाई उचलनार."

आत गेलो. कमलने तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हटलं, "बाई, गळ्यात हात टाक." टाकला नाही. तशीच उचलली, काहीच वजन नाही तिला. ओसरीच्या खोलीत नेली. मग नातीला घ्यायला परत गेलो. पहिल्यांदा हातात घेतली.

खिडकीला पोती लावली, दोन शेगड्या पेटवल्या. तरी फटीतून वारा येतोच. कमल आता माझ्याशी बोलत नाही. खोटं उघडं पाडलं म्हणून, की बाहेर आणलं म्हणून, विचारायची हिंमत नाही.

दुपारचे तीन. लाइनवाल्याचा पत्ता नाही. नातीचे तळपाय गार लागतात, सौ. आपल्या हातांनी चोळून राहिली आहे. सकाळपासून बाळाने दूध ओढलेलं नाही.