गुलकंदातला दर्प

लोणखेडा, रविवार, संध्याकाळ

हात तीनदा साबणाने धुतले, तरी बोटांना तो वास येतोच आहे. किळस येते.

न्हाणीजवळचा गावठी गुलाब मी लेकीसाठीच जपला. सुजाता आठव्या महिन्यात माहेरी आली, पित्ताने हैराण. म्हणून रोज पाकळ्यांचा आणि खडीसाखरेचा थर बरणीत घालते. आज सकाळी तिने दोन चमचे गुलकंद खाल्ला. नंतर मी फुलं तोडायला गेले, एक नाकाशी धरलं, तर सुगंध नाहीच. औषधाचा उग्र दर्प!

ह्यांना विचारलं. म्हणाले, "मावा पडेल व्हता. कपाशीनं औषध उरेल व्हतं, परवा मारी दिधं." मावा किडीसाठी कपाशीवरचं विषारी औषध माझ्या गुलाबावर!

परवा! आणि कालच्या पाकळ्या बरणीत गेल्या होत्या. सर्दीने माझं नाक बंद होतं, पण मी धुतल्या तरी का नाहीत?

सुजाताला रिक्षाने शहाद्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाळाचे ठोके ऐकवले. दोघं ठीक आहेत, दोन दिवस लक्ष ठेवा, म्हणाल्या. मी तिथेच रडले.

घरी येऊन बरणी खड्ड्यात ओतायला गेले, तर हे आडवे आले. "इतलामा काय व्हस? वरला थर काढी टाक, बाकीना चांगला शे."

मी चमचा भरून त्यांच्यापुढे धरला. "मंग तुम्ही खाई दखाडा."

मागे सरकले. चपला घालून बाहेर गेले.

त्यांचं ताट झाकून ठेवलंय. समोर बसून वाढणं आज माझ्याच्याने होणार नाही.