मशीनची कुंची

सावेडी, अहिल्यानगर

प्रिय बेंजामिन,

सलाम. घरात फोन असताना आईनं पत्र का लिहिलं म्हणशील. गेले काही आठवडे तुझ्यामाझ्या फोनवर महिरपी कंस, अवतरणचिन्ह आणि "आई, आता एंटर दाब" याशिवाय दुसऱ्या कशाला जागाच राहिली नाही. आणि जे सांगायचंय ते पप्पांच्या देखत बोलण्यासारखं नाही. चटणीच्या डब्यातच हे पत्र घालते, म्हणजे वेगळं कुरिअर पडणार नाही.

आधी माझा राग ऐकून घे. तू हैदराबादला बसलास आणि गिऱ्हाइकांची कामं चालवणारं ते कॉम्प्युटरचं मशीन माझ्या बैठकीत ठेवून गेलास. भाडं वाचतं म्हणालास, म्हणून मीही हो म्हटलं. ते रोज दुपारी आपोआप बंद पडायला लागलं, त्यात बाहेरून तुला शिरताही येईना. मग आठवली आई! मशीन दिवसभर स्वतःशी जे लिहीत बसतं ते तू म्हणतोस त्या पाईपलाईनीतून तुझ्याकडे पाठवायचं, आणि त्या पाईपलाईनीला एक प्लगिन, म्हणजे छोटा जोडप्रोग्राम, जोडायचा. भार किती, जागा किती भरली, तापलंय किती, हे तो मशीनला विचारत राहणार. हे कुणी करायचं? मॅट्रिक झालेल्या बाईनं, कुकरच्या शिट्ट्या मोजत. कंस उघडला की बंद करायचा, एवढं मला शाळेतच शिकवलंय. त्यासाठी माझ्यावर ओरडायची गरज नव्हती.

दर दहा सेकंदांनी विचारायचं असं तू सांगितलंस. मी दहाच्या जागी छत्तीसशे लिहिलं, म्हणजे तासातून एकदा. हिशेब चुकला नव्हता, मुद्दाम लिहिलं. अरे, दवाखान्यातली नर्ससुद्धा दहा सेकंदांनी थर्मामीटर लावत नाही, आणि इथं विजेचं मीटर माझं फिरतं! त्यावर तू काय म्हणालास? "आई, मशीनवर तरी काटकसर करू नकोस गं." ती ओळ बदलायला पुन्हा सगळं उघडा, पुन्हा मिटवा. त्यात माझी आमटी उतू गेली ती वेगळीच.

या सगळ्यात पप्पा कुठं होते, हे तू एकदाही विचारलं नाहीस. त्यांनी शब्द टाकून सुप्याच्या कारखान्यात लावलेली नोकरी तू स्वतःच्या कंपनीसाठी सोडलीस, तेव्हापासून ते तुझं नाव घेत नाहीत. "कंपनीवाला" म्हणतात. पण तुझा फोन आला की त्यांचा चष्मा नेमका बैठकीतच हरवायचा. कपाटाखाली शोधायचे, पडद्यामागे शोधायचे. चष्मा डोळ्यांवरच असायचा. संध्याकाळच्या प्रार्थनेत मी रोज तुम्हा दोघांना एका वाक्यात घालते. तेवढं तरी एकत्र या.

परवा तुझ्याकडे आकडे यायला लागले. तू विचारलंस, "आई, दुपारी बाराला मशीनला ताप चढतो आणि ते पडतं. बाराला तुम्ही करता काय?" मी म्हटलं, बाराला मशीनला ताप चढतो? आम्ही तर जेवतो. दुसरं काय करणार? तेवढ्यात आतल्या खोलीतून पप्पांचा आवाज आला, "अरे, तुझ्या आईनं त्याला कुंची घातलीय, कुंची! बाळंतिणीच्या खोलीत निजवल्यासारखं!"

आता समोरच्या बांधकामाची धूळ दुपारीच येते, म्हणून जेवायला बसताना मी ते झाकत होते. फ्रिजला कव्हर आहे, मिक्सरला आहे, मग तुझ्या एवढ्या महागाच्या मशीनला नको? जुन्या गोधडीचं चांगलं जाड शिवलं होतं मी, कोपऱ्यांना पायपिंग लावून. त्यानं त्याचा जीव गुदमरतो हे मला कुणी सांगितलं होतं? आणि पप्पांना कळत होतं, तर इतके दिवस गप्प का बसले? विचारलं तर म्हणाले, "मला कुणी विचारलं?"

तू मात्र हसलास. किती दिवसांनी तसा हसलास, बेन! मग त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. मशीनला हवा कुठून लागते ते विचारलं, पंखा कुठल्या बाजूला फिरवू ते विचारलं. तू "पप्पा" म्हणालास, ते मला पलीकडूनही ऐकू आलं. फोन माझ्याकडे देऊन ते अंगणात गेले आणि एकाच कुंडीला दोनदा पाणी घातलं.

आणि काल तू काय म्हणालास? "झालं आई, आता सगळं आपोआप येतंय. आता तुला त्रास नाही." डोक्याला हात लावला मी! आज तुझा फोन नाही. पप्पा जेवून मशीनजवळ खुर्ची टाकून बसले. चारच्या सुमाराला हळूच म्हणाले, "कंपनीवाल्याचं आज काही अडलं नाही वाटतं." मशीन पुन्हा बिघडलंय असं सांग, असं मी तुला सांगणार नाही. खोटं शिकवून रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला कुठल्या तोंडानं जाऊ? पण लाईट गेली की तुझं मशीन इन्व्हर्टरवर चालतं, आणि त्याच्या बॅटरीत पाणी कधी आणि किती घालायचं हे मला येत नाही, तुलाही येत नाही. घरात ते एकट्या पप्पांना येतं. तेवढं खरं खरं विचार. आणि फोन माझ्या नंबरवर नको, त्यांच्या नंबरवर कर.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
आई